सोनावणे साहेबांचे न दिसणारे बुडबुडे

दिगंबर सोनावणे या माणसाला मी बसलेलं कधी पाहिलं नाही, असं सांगितलं की लोक म्हणतात, उगाच फेकू नकोस. बरं, फेकत नाही. एकदा पाहिलं होतं. अंबरनाथच्या आमच्या फॅक्टरीत एका प्लास्टिकच्या खुर्चीत ते बसले, खुर्चीचा पाय मोडला, आणि पँट झटकत उठताना म्हणाले, "बघ भोईर, म्हणून मी बसत नाही."

भोईर म्हणजे मी. एमआयडीसीच्या मागच्या अंगाला आमची फॅक्टरी होती. गटारांची झाकणं, फुटपाथच्या कडेचे दगड, पेव्हर ब्लॉक असा काँक्रीटचा माल आम्ही बनवायचो. मी सुपरवायझर, म्हणजे काही बिघडलं की सगळे ज्याच्याकडे वळून बघतात तो माणूस. मालक उल्हासनगरचे सिंधी शेठ. सोनावणे साहेब एका केमिकल कंपनीतून रिटायर झाले आणि पंधरवडाही घरी न थांबता आमच्याकडे क्वालिटी बघायला आले. येताना फ्रीजएवढं एक मशीन घेऊन आले.

ते मशीन बंद पडलेल्या कोळंबी तलावावरचं होतं. पाण्यात हवेचे अतिबारीक बुडबुडे सोडायचं. कोळंबीला त्यातून श्वास मिळायचा, साहेबांना त्यातून सिमेंट मजबूत करायचं होतं. 'नॅनोबबल' हा शब्द मी पहिल्यांदा त्यांच्या तोंडून ऐकला. सुरुवातीचे काही दिवस मशीनच्या आसपास असा वास यायचा की गल्लीतली मांजरं आमच्या झाकणांवर येऊन बसायची.

शेठनी पाण्याचा ग्लास उजेडात धरून बघितला.

"बुडबुडे किधर हैं?"

"दिसत नाहीत शेठ. फार बारीक असतात."

"साईं, न दिखनेवाला माल सिर्फ भगवान का बिकता है," शेठ म्हणाले. "तू ट्राय कर."

तो ट्राय पहिल्याच दिवशी मी गटारात घातला. साहेब सांगून गेले होते, मशीन चालू कर, पाणी दुधासारखं पांढरं होईल, मग बंद करून ठेव. मी केलं. पाणी छान ताकासारखं झालं. मी चहा पिऊन आलो तर टाकीतलं पाणी परत नितळ! मला वाटलं, बुडबुडे उडाले, माल बाद झाला. साहेब यायच्या आत टाकी रिकामी केली, मशीन परत लावलं, आणि ते फाटकातून आत शिरायच्या वेळेला बरोबर पांढरंशुभ्र पाणी तयार ठेवलं. शाबासकीसाठी मान जरा पुढे काढून उभाही राहिलो.

"नितळ झालेलं पाणी कुठाय?"

"टाकलं साहेब. खराब झालं होतं."

ते टाकीभोवती दोनदा फिरले. मग थांबतात असं वाटेपर्यंत तिसऱ्यांदा फिरले.

"अरे राजा, पांढरं दिसतं ते मोठ्या बुडबुड्यांमुळे. ते वर जातात आणि फुटतात. बारीक असतात ते आत राहतात, कुणाला दिसत नाहीत आणि तेच काम करतात. कुठल्या ऑफिसात नोकरी केली नाहीस का कधी?"

त्या दिवसापासून फॅक्टरीत त्यांचं नाव बुडबुडे साहेब पडलं. तोंडावर सोनावणे साहेब, पाठ फिरली की बुडबुडे साहेब. त्यांना ते माहीत होतं. मीच एकदा शेठशी फोनवर बोलताना त्यांच्यासमोर "हो हो, बुडबुडे साहेब इथंच आहेत" असं म्हणून ती माहिती त्यांना पुरवली.

ते चहा चालत प्यायचे. डबा मिक्सरशी उभं राहून खायचे, एक घास आणि एक सूचना अशा क्रमाने. कुणी 'आता सगळं सेट झालं' म्हणालं की चिडायचे. माझी नोकरी पक्की झाली तेव्हा मी पेढे वाटले आणि म्हणालो, "साहेब, लाइफ सेट." त्यांनी पेढा तोंडात टाकला आणि म्हणाले, "सेट व्हायला सिमेंट आहे. आपण नाही."

त्यांच्या पँटच्या खिशात चष्म्याच्या केसएवढा छोटा हातोडा असायचा. कुठल्याही इमारतीत शिरले की तो हातोडा बाहेर यायचा. भिंत, खांब, जिना, जे हाताशी येईल त्यावर टक टक. आवाज भरीव आला तर पुढे जायचे, पोकळ आला तर तिथेच कान लावायचे. बँकेत वॉचमनने त्यांना दोनदा बाहेर काढलं होतं.

आणि अशा माणसाला मी मुलगी बघायला घेऊन गेलो. माझे वडील नाहीत, मामा ऐनवेळी आजारी पडले, आई म्हणाली घरातलं म्हणून कुणीतरी मोठं माणूस पाहिजे. मी साहेबांना विचारलं. ते इस्त्रीचा शर्ट घालून बदलापूर गावात आले. मुलीच्या घरी पोहे आले, मुलगी आली, तिला समोरच्या खुर्चीत बसवलं. आई काहीतरी विचारणार तोच मागून टक टक टक.

"अवो पावनं, काय झालं?" मुलीचे वडील घाबरून उठले.

"हा बीम पोकळ आहे. आत सळईला गंज धरलाय. पोरीला आधी तिथून उठवा."

मुलगी उठली. सगळेच उठले. पोहे हातात घेऊन आम्ही मंडळी भिंतीला लागून उभे, आणि साहेब मधोमध मान वर करून एकटे. आठवड्याने निरोप आला, सोयरीक जुळायच्या आधीच ज्यांनी घराला नावं ठेवली तिथे मुलगी द्यायची नाही. गंमत पुढे आहे. त्याच मुलीचे वडील नंतर फॅक्टरीत साहेबांना शोधत आले, बीम त्यांच्याकडून नीट करून घेतला, आणि मुलीच्या लग्नाची पत्रिका साहेबांना दिली. मी बाजूलाच उभा होतो. मला म्हणाले, "तुम्हीपन या."

मला हे सगळं वेडेपणाचं वाटायचं, ते मला सुमनताईंकडे घेऊन गेले तोपर्यंत.

सुमनताई ही त्यांची थोरली बहीण. उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये, बाजाराच्या ऐन गर्दीत एका जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहायच्या. खाली तळमजला भरून जीन्स शिवायचा कारखाना, दिवसभर मशिनींचा घरघराट. आम्ही शेअर रिक्षाने गेलो. मागे आधीच तिघं बसलेले, त्यात साहेबांनी मला चौथा म्हणून कोंबलं आणि स्वतः ड्रायव्हरच्या बाजूला अर्धे बाहेर लटकले. तिथून मागे वळून मोठ्याने म्हणाले, "आता कळलं का भोईर? तिघं बसले की मधे मधे फट राहते. चौथा शिरला की सगळे एकमेकाला घट्ट. माझं पाणी सिमेंटमध्ये हेच करतं. फट ठेवत नाही. फट नाही तर पाणी आत झिरपत नाही, आणि पाणी नाही झिरपलं तर सळई गंजत नाही."

"भाईसाब, चौथा जरा सरको," माझ्या शेजारची बाई म्हणाली.

सुमनताईंच्या स्वयंपाकघरात ओट्यावर एक पातेलं उपडं ठेवलेलं होतं. मी वर बघितलं. छताचं प्लास्टर गेलेलं, आणि आतल्या गंजलेल्या सळया आजारी माणसाच्या बरगड्यांसारख्या दिसत होत्या.

"पातेलं उपडं कशाला?" मी विचारलं.

"वरून तुकडा पडला तर पातेल्यावर पडू दे. आवाज येतो, मग मी बाजूला होते," ताई म्हणाल्या. जणू घंटा बसवून घेतली होती.

बुद्धमूर्ती मात्र त्यांनी बाहेरच्या खोलीत, चांगल्या छताखाली हलवली होती.

साहेबांनी पिशवीतून पाण्याची बाटली काढून दिली. ते दर वेळी बहिणीला मशीनचं पाणी आणायचे. डाळ लवकर शिजते, केस गळायचे थांबतात, झाडं तरारतात, असं काय काय सांगायचे.

"डाळ शिजायची तशीच शिजली, दिगू," ताई म्हणाल्या. "आणि केस माझे आता गळायला उरलेत कुठे? तुझ्या पाण्यात एवढं असेल तर हे छत कर."

"करतो ना. तेच करतोय."

त्या दिवशी मला त्यांची धावपळ कळली. इमारतीच्या लोकांना पालिकेची नोटीस आली होती. दुरुस्ती तरी करा नाहीतर खाली करा. ताईंचे यजमान गेल्यापासून ते घर हाच त्यांचा संसार. मुलगा दुबईला, सून त्याच्याबरोबर. "मला या घरातून हलवायचं असेल तर चौघांनी उचलून न्या," असं त्या सगळ्यांना सांगायच्या. सोसायटीचा सेक्रेटरी म्हणजे खालच्या जीन्स कारखान्याचाच मालक. तो साहेबांना म्हणाला होता, तुमच्या पाण्याचं काँक्रीट खरंच चांगलं आहे हे दाखवा, आम्ही सगळे मिळून दुरुस्ती करू. शेठनाही त्या कामाचा वास लागला होता. म्हणजे साहेबांचं पाणी पास झालं तर बहिणीचं घर राहणार होतं, आणि नापास झालं तर जाणार होतं.

एवढं सगळं टांगलेलं असताना मधे मी आलो.

दाखवायच्या चाचणीसाठी माल बनवायचा दिवस होता. साहेब सकाळी कॅम्प तीनला गेलेले. आदल्या दिवशी आम्ही त्याच पाण्याची एक लादी ओतून आवारात ठेवली होती. मी मिक्सरशी उभा, रफिक मिस्त्री समोर. या पाण्याने माल नेहमीपेक्षा जरा लवकर आवळतो. रफिकने थापी मालात खुपसली आणि तोंड वाकडं केलं.

"भोईर सेठ, माल कडक है. पानी मारूं क्या?"

तेवढ्यात साहेबांचा फोन. मागे रिक्षांचा कल्ला.

"भोईर, त्याला पाणी मारलंस का?"

"नाही अजून."

"अरे मग बघतोस काय? मार ना! भरपूर मार, कंजुषी करू नको!"

आता काँक्रीटच्या धंद्यात 'पाणी मारणे' म्हणजे दोन गोष्टी. ओतून झालेलं काँक्रीट तडकू नये, मुरावं म्हणून त्यावर वरून पाणी शिंपडत राहतात ते पाणी मारणं. आणि मिस्त्रीला माल घट्ट वाटला की तो मिक्सरमध्ये बादली उपडी करतो तेही पाणी मारणंच. पहिल्याने काँक्रीटला आयुष्य मिळतं, दुसऱ्याने जातं. साहेब विचारत होते कालच्या लादीबद्दल. मी बघत होतो मिक्सरकडे.

"मार," मी रफिकला म्हणालो. "साहेब म्हणतात भरपूर."

रफिकने मारलं. माल सुंदर, लोण्यासारखा झाला. आम्ही तो साच्यांत भरून सहा इंची चौकोनी ठोकळे केले. त्यांना क्यूब म्हणतात, ते नंतर मशीनमध्ये दाबून फोडतात आणि काँक्रीट किती दाब सोसतं ते बघतात. साहेब दुपारी आले, एका साच्यात बोट घातलं, आणि बोट तसंच वर धरून माझ्याकडे बघत राहिले.

"ही आमटी कुणी केली?"

"तुम्हीच फोनवर म्हणालात, पाणी मार."

"मी लादीला म्हणालो!"

"तुम्ही 'त्याला' म्हणालात. लादी 'ती' असते, साहेब."

हे मी का बोललो मला माहीत नाही. मराठीत मी शाळेत काठावर पास झालो होतो. साहेब आवाराच्या दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेले. परत आले तेव्हा त्यांना हसू आवरत नव्हतं.

"टाकू का हे?" मी विचारलं.

"काही टाकायचं नाही. तुझं टाकणं आधी बघितलंय मी." त्यांनी मार्कर मागवला आणि क्यूब सुकले तेव्हा त्या प्रत्येकावर लिहिलं, 'भोईर'. मग नवा माल स्वतः उभं राहून बनवला, त्यावर लिहिलं 'बुडबुडे'. साध्या नळाच्या पाण्याचेही केले, त्यावर 'नळ'.

महिनाभर ते क्यूब पाण्याच्या टाकीत मुरत होते आणि साहेब टाकीभोवती फिरत होते. मुरायच्या गोष्टीला घाई करता येत नाही हे सगळ्यांना सांगणारा माणूस स्वतः येता जाता टाकीत हात घालून बघायचा, जसं काही आत काही हलेल.

चाचणीला सेक्रेटरी, इमारतीतले चार-पाच जण आणि आमचे शेठ आले. सुमनताईही आल्या, चांगली साडी नेसून. पहिला क्यूब मशीनमध्ये ठेवला तो माझा. काटा जेमतेम हलला आणि फस्‌कन चहातल्या बिस्किटासारखा तो खाली बसला.

"भोईर गया!" रफिक ओरडला. लोक हसले. ताई पदर तोंडाला लावून हसल्या. आपल्या आडनावाचा चुरा केरसुणीने भरताना बघायची वेळ फार कमी लोकांवर येत असेल.

नळाचा क्यूब बराच टिकला. मग बुडबुडे. काटा नळाच्या पुढे गेला, आणखी पुढे गेला, शेठ खुर्चीच्या काठावर आले, आणि असा फटाका वाजला की सेक्रेटरीने डोकं खाली घातलं.

"साईं!" शेठनी टाळी दिली. "ये तो भगवान से भी अच्छा माल है!"

सेक्रेटरी म्हणाला, "बस, साहब. आप लिखके दो, काम चालू करते हैं." ताई भावाच्या कॉलरवरची सिमेंटची धूळ झटकत राहिल्या.

कुठलाही शहाणा माणूस इथे थांबला असता. हे थांबले नाहीत. दुसऱ्याच दिवशी मला घेऊन कॅम्प तीनला गेले आणि तळमजल्यावर जीन्सच्या कारखान्यात शिरले. वरच्या छतांना त्यांनी शंभरदा ठोकलं होतं, पण खालचे खांब कधी बघायला मिळाले नव्हते. खांबांना प्लायवूड ठोकलेलं, आणि पुढे जीन्सचे गठ्ठे छतापर्यंत.

"ते काढा," साहेब म्हणाले.

"साहब, सीज़न चालू है. खंबा क्या देखना, खंबा तो खंबा है."

"काढा."

कारागीर मशिनी बंद करून बघायला लागले. एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच त्या जागेत घरघराट थांबला. गठ्ठे हलवले, मी प्लायवूडची कड धरून ओढली, आणि माझ्या नेहमीच्या नशिबाने अख्खी फळी माझ्या अंगावर आली. तिच्यामागून खांबाचा एक भागही आला. कपडे धुवायचं पाणी वर्षानुवर्षं त्या कोपऱ्यात मुरत होतं. आतली सळई साहेबांनी दोन बोटांत धरली आणि ती पापडासारखी पापुद्रे सोडत हातात आली.

त्यांनी हातोडा काढलाच नाही.

ताई जिन्यावरून खाली आल्या होत्या. "काय रे दिगू? हेही होईल ना? पाणी आहे ना तुझं?"

"ताई, माझं पाणी नव्या मालात घालायचं. या खांबात आता माल उरलेला नाही."

"करून तर बघ."

"वर नवा स्लॅब घातला तर वजन वाढेल. ते या खांबावर येईल. आणि तू त्याच्याखाली झोपशील."

"काल तूच तो ठोकळा फोडून दाखवलास ना? सगळ्यांसमोर?"

"काल ठोकळा होता, ताई. हे घर आहे."

सेक्रेटरी मधे पडला, म्हणाला, खांबाला वरून पट्टी मारू, प्लास्टर करू, तुम्ही फक्त सही द्या. शेठचाही फोन आला. मी बाजूला उभा असूनही शेठचा आवाज मला ऐकू येत होता. "सोनावणे, तू मेरेको धंदा करने देगा की नहीं?" साहेब म्हणाले, "शेठ, आधी या कारखान्यातल्या पोरांना आज बाहेर काढू दे. बाकी उद्या बोलू." उद्या काही बोलणं झालं नाही. सही त्यांनी दिली ती इमारत खाली करा अशा अर्जावर दिली, आणि शेठनी त्यांना कामावर येऊ नका म्हणून सांगितलं.

ताईंनी भावाशी बोलणं टाकलं. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं, साहेब मला म्हणाले. भांडण त्यांना चाललं असतं, भांडताना चालता-फिरता येतं. पण ताई बोलायच्याच नाहीत. साहेबांनी बदलापूरला बेलवलीत, स्वतःच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून तळमजल्याची खोली भाड्याने बघितली, रंग दिला, मोरी नीट करून घेतली. ताईंनी ती बघायलाही नकार दिला. काही सांगायचं असलं तर मला फोन करायच्या. "भोईर, त्याला सांग, भांडी मीच बांधणार." भाऊ त्यांच्या समोर दोरी घेऊन उभा असायचा.

सामान हलवायच्या दिवशी इमारतीतल्या लोकांनी जिन्यात साहेबांना जागासुद्धा दिली नाही. एक बाई म्हणाली, "बहन के घर को भी नहीं छोड़ा." ते बाजूने अंग चोरत खालीवर करत राहिले. मी मदत करत होतो, म्हणजे गॅसची शेगडी एका मजल्यावर आणि तिची नळी दुसऱ्या मजल्यावर ठेवून ती शोधत होतो. शेवटी टेम्पो भरला. ताई पुढे ड्रायव्हरशेजारी बसल्या, मूर्ती मांडीवर, नजर सरळ काचेतून पुढे. मागे कपाट, पलंग, डबे, आणि कपाटाचा सुटा काढलेला लांब आरसा धरायला साहेब.

टेम्पो सुरू झाला, मी खाली रस्त्यावरच राहिलो. आरसा मागच्या बाजूला तोंड करून होता, त्यामागे साहेब पूर्ण झाकले गेले. दोन्ही कडांवर त्यांची बोटं आणि वर थोडे पांढरे केस एवढंच दिसत होतं. बाजारातल्या खड्ड्यात टेम्पोने गचका खाल्ला, आरसा झुकला आणि पलंगाची पाटी खणकन वाजली.

"दिगू!" पुढच्या खिडकीतून ताईंचा आवाज आला. डोकं बाहेर काढून त्या मागे बघत होत्या. "आरसा फुटेल गाढवा! दोन्ही हातांनी धर!"

"धरलाय ताई, धरलाय!" आरशामागून साहेब ओरडले. एवढ्या आनंदाने ओरडले की रस्त्यातले लोक वळून बघायला लागले.

"आणि कपाटाची किल्ली कुठाय?"

"खिशात आहे!"

"कुणाच्या?"

यावर काय उत्तर आलं ते मला ऐकू आलं नाही. मागून शेअर रिक्षांनी हॉर्नचा गदारोळ केला, टेम्पो कोपऱ्यावर वळला, आणि वळेपर्यंत त्या दोघांचं चाललेलंच होतं.